‘ओरडली का नाही?’ आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात लैंगिक अत्याचार आणि त्यानंतरचं सावरणं यावर प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, तर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं धरून इतकं आलं की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. ओळख पटेल असं सगळं काढलंय, लांब पत्रं कापलीत, त्याबद्दल राग मानू नका.

*ताई, माझी भाची २४ वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते, माझ्याकडेच कोथरूडला राहते. चार महिन्यांपूर्वी ऑफिसच्या टीम आउटिंगला मुळशीकडे गेले होते तिथे टीममधल्याच एका सीनियरने तिच्यावर बळजबरी केली, हे तिने मला परवा सांगितलं. मी माझ्या ताईला म्हणजे तिच्या आईला फोन केला तर ती म्हणते बाजूच्या खोलीत माणसं होती मग ही ओरडली का नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर बसमधून गुपचूप परत कशी आली. त्याचा रात्री 'पोचलीस का नीट' असा मेसेज आणि हिचा 'हो थँक्स' असा रिप्लाय पण आहे. पोरगी खोटं बोलत नाही हे मला कळतं, पण ताईला काय सांगू? आणि तिला पोलिसात जायला लावू का?*
— एक मावशी, कोथरूड

मावशी, तुमच्या ताईंचा जो प्रश्न आहे तोच फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला उभ्या असलेल्या एसटी बसमधली तक्रार बाहेर आली तेव्हा चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत अख्खं पुणं विचारत होतं, एवढी वर्दळ होती मग ओरडली का नाही. तर त्याचं उत्तर असं आहे की भीती एका हद्दीपलीकडे गेली आणि सुटायची वाटच नाही असं मेंदूला वाटलं की शरीर आपोआप थिजतं. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही, काहीजणींना तर आपण दुरून कुणा दुसरीलाच बघतोय असं वाटतं. यात ठरवणं वगैरे काही नसतं. संशोधक याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात आणि प्राण्यांमध्ये हे फार आधीपासून माहीत आहे, घट्ट धरलेली कोंबडी मेल्यासारखी पडून राहते ना, तेच.

स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर महिन्याभराच्या आत इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यातल्या ७० टक्के बायका त्या वेळी बऱ्यापैकी थिजल्या होत्या आणि ४८ टक्के तर अगदी टोकाच्या, म्हणजे न ओरडणं हा अपवाद नाही, तेच जास्त वेळा होतं. आणि पुढची गोष्ट ताईंना मुद्दाम सांगा, सहा महिन्यांनी बघितलं तर ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात रुतून राहणारा त्रास, व्हायची शक्यता पावणेतीन पट आणि गंभीर डिप्रेशनची तिपटीहून जास्त निघाली. ओरडली नाही म्हणजे तिला फारसं काही वाटलं नसेल असा जो आपला हिशोब असतो तो साफ उलटा आहे.

आपल्या राज्यात हा हिशोब सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं, का तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, त्यात पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या, मग देशभर मोर्चे झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये तर कायद्यात सरळ लिहिलंच की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते आजही आहे. कायद्याला कळलं, घरातल्यांना कळायचंय.

आता 'हो थँक्स'चं. अनोळखी माणूस असता तर तिने उत्तर दिलंच नसतं, पण हा रोज समोरच्या डेस्कवर बसणारा, हिच्या अप्रेझलमध्ये ज्याचं मत विचारतात असा माणूस. तिला सोमवारी त्याच टीममध्ये जायचंय, आणि मन कसंही करून काही झालंच नाही असं वागायला बघतं, निदान घरी पोचेपर्यंत तरी. शांत राहण्याचंही तसंच. बॉस्टनच्या सरकारी हॉस्पिटलात १९७४ मध्ये बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम या दोघींनी अशा ९२ बायकांना बघून लिहिलंय की काहीजणी रडत थरथरत येतात आणि जवळपास तितक्याच अगदी शांत, चेहऱ्यावर काही नाही अशा येतात. रडली तरच खरं हे सिरियलमध्ये. आणि सांगताना तिचा क्रम मागेपुढे झाला, आधी लाइट गेले की आधी दार लावलं हे तिला नीट सांगता आलं नाही, तर त्यावरूनही उलटतपासणी घेऊ नका. अशा वेळी एखादा वास, पंख्याचा आवाज लख्ख राहतो आणि वेळेचा क्रम विस्कटतो.

एक विचारू का, ताईंना फोन करायच्या आधी भाचीला विचारलं होतं का? रागावून नाही विचारत. शिकागोच्या सारा उलमन गेली कित्येक वर्षं यावरच काम करतायत की सांगितल्यावर समोरचा काय करतो, आणि त्यांना परत परत दिसलं की दोष देणं, विश्वास न ठेवणं, गप्प बस म्हणणं यातून त्रास वाढतो हे तर आहेच, पण तिच्या वतीने परस्पर निर्णय घेणं हेसुद्धा त्रास वाढवणाऱ्यातच येतं. तिच्या हातून सगळं हिसकावलं गेलं होतं, आता आपण प्रेमाने परत तेच करायचं नाही. म्हणून पोलिसात जायला 'लावू' नका. काय काय वाटा आहेत ते तिच्यासमोर ठेवा, उचलायची की नाही ते तिचं. २४ वर्षांची आहे म्हणून हे म्हणतेय, १८ च्या आतली असती तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा जो कायदा आहे, त्याखाली कळवणं बंधनकारकच आहे.

वाटा अशा. पोलीस तक्रारीला अशा गुन्ह्यात मुदत नाही आणि झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते, मुळशीलाच जा म्हणून कुणी परत पाठवलं तर ते चूक आहे. पण ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे, ज्याला सगळे पॉश कमिटी म्हणतात, लेखी तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तुमचे चार झालेत, म्हणजे ही एकच गोष्ट घाईची आहे, तेवढी तिला सांगाच. टीम आउटिंग हे ऑफिसबाहेर झालं तरी कायद्याने कामाच्या ठिकाणातच धरतात. वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि अत्याचार झालेल्यांसाठीच्या सरकारच्या मनोधैर्य योजनेची मदतही त्यांच्याचकडून होते.

आणि ताईंना हे सगळे आकडे नाही पटले तरी चालेल. त्यांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी फोनवर 'का नाही ओरडलीस' याऐवजी 'जेवलीस का, मी येऊ का तिकडे' एवढं विचार.

*मी ३१ वर्षांची आहे, विश्रांतवाडीत राहते. लग्नाआधी माझ्याबाबतीत झालेल्या प्रकारावर दीड महिना झाला थेरपी घेतेय. मॅडम त्याच गोष्टीवर परत परत लिहायला, बोलायला लावतात. सेशनच्या दिवशी रात्री झोप नाही, मुलावर उगाच ओरडते. नवरा समजूतदार आहे पण म्हणतो झालं गेलं विसर, खपली कशाला काढायची. थांबवू का?*

लगेच थांबवू नका, आधी मॅडमशी बोला. नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही, म्हणजे बऱ्याचजणी उपचाराशिवाय सावरतात. १९९२ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, अत्याचारानंतर साधारण दोन आठवड्यांनी ९४ टक्के बायकांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्के. निम्म्याजणींचं आपोआप उतरलं. पण उरलेल्या निम्म्याजणींना 'विसर' सांगून काही होत नाही, कारण त्यांचं नेमकं विसरण्याच्या धडपडीतच अडकलेलं असतं. तो रस्ता टाळायचा, तो सेंट टाळायचा, पिक्चरमधला तो सीन आला की उठून किचनमध्ये जायचं, आणि टाळत गेलं की भीती जागच्या जागी राहते, उलट पसरते.

मॅडम जे करून घेतायत ते मला दोनपैकी एक वाटतंय. एक म्हणजे एडना फोआ यांनी तयार केलेली पद्धत, त्यात घडलेलं सुरक्षित जागी, थेरपिस्टसमोर, मोठ्याने परत सांगायचं, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि टाळलेल्या साध्यासाध्या गोष्टी हळूहळू परत करायला लागायचं. दुसरी पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सेशनची, त्यात घटनेच्या तपशिलापेक्षा त्यातून मनात बसलेल्या वाक्यांवर काम होतं. 'मीच त्याच्या गाडीत बसले', 'मला माणसं ओळखताच येत नाहीत' अशी वाक्यं कागदावर घ्यायची आणि त्यासमोर पुरावा मांडायचा, बाजूने काय, विरुद्ध काय. ऐकायला शाळेतल्या निबंधासारखं वाटतं, पण २००२ मध्ये या दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तपासल्या, दोन्ही चालल्या, आणि पाच ते दहा वर्षांनी त्याच बायकांना परत गाठलं तेव्हाही बहुतेकजणींचा फरक टिकलेला होता.

हे परदेशातलं, आपल्याकडे कुठे असं म्हणाल म्हणून सांगते, काँगोमध्ये, जिथे युद्ध चालू, डॉक्टर नाहीत, शिक्षण कमी, तिथे स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून रेसिक यांचीच पद्धत गटात वापरली. २०१३ मध्ये निकाल आले, सहा महिन्यांनी डिप्रेशन किंवा अँग्झायटी असण्याचं प्रमाण गटातल्या बायकांमध्ये ९ टक्के, आणि ज्यांना नुसता वैयक्तिक आधार दिला होता त्यांच्यात ४२ टक्के. आधार हवाच, पण नुसत्या आधाराने भागत नाही असा मी तरी त्याचा अर्थ घेते.

सुरुवातीला त्रास वाढतो का? काहीजणींचा वाढतो. फोआंच्या टीमने हेही मोजलंय, थोड्याच जणींचा वाढला, आणि त्यांनाही शेवटी फायदा बाकीच्यांइतकाच झाला, त्या मध्येच सोडून गेल्या असंही दिसलं नाही. तरी मॅडमना विचाराच की ही कुठली पद्धत, किती सेशन, घरचा अभ्यास कशासाठी, आणि वेग कमी करता येईल का. चांगली थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. पण नुसतं दर आठवड्याला 'सांगा, आणखी सांगा' एवढंच चालू असेल, पुढे त्याचं काहीच करत नसतील, तर मात्र दुसरं कुणी शोधा. जीव नकोसा वाटणं, रात्री गोळ्या किंवा दारूवर झोपणं असं काही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्यांना आजच कळवा.

आणि नवऱ्याला एक काम देता येईल. सेशनच्या संध्याकाळी मुलाला घेऊन बागेत जायचं, दोन तास, काही विचारायचं नाही.

*ताई, आमचं कसब्यात गणपती मंडळ आहे. यंदा देखाव्याचा खर्च कमी करून वस्तीतल्या मुलींसाठी एक दिवसाचं कराटे शिबिर घ्यायचं ठरलंय. बायको म्हणते एका दिवसात काय होणार. तुम्हीच सांगा, आणि मुलांसाठी पण काही करता येईल का?*
— एक कार्यकर्ता

दादा, वहिनी बरोबर आहेत, तुम्ही वर्गणी परत करायच्या आधी एवढं वाचा फक्त.

अमेरिकेत २०१४ मध्ये अशा प्रतिबंधाच्या कार्यक्रमांचे १४० अभ्यास एकत्र करून बघितले. बहुतेक कार्यक्रम एकाच बैठकीचे, भाषण, फिल्म, शपथ, चहा-बिस्कीट. त्यांनी माहिती वाढते, थोडे दिवस मतंही बदलतात, वागणं बदलल्याचा टिकाऊ पुरावा नाही. प्रत्यक्ष अत्याचार कमी झाले असं ठामपणे म्हणता येईल असे १४० मधून जेमतेम तीन निघाले.

दुसरं म्हणजे कराटेत आपण डोळ्यासमोर कोण धरतो, अंधारात मागून येणारा अनोळखी. आणि आपल्या देशातल्या पोलिसांच्याच नोंदी सांगतात की बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, नात्यातला, शेजारचा, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. ओळखीच्याच्या नाकावर बुक्की मारायला हात उचलत नाही, तिथे अडतं ते 'त्याला वाईट वाटेल', 'उगाच तमाशा होईल' यावर. कॅनडात शार्लिन सेन यांनी नेमकं हेच धरून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी तीन-तीन तासांच्या चार बैठका केल्या. धोका कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना मनात काय आडवं येतं, मग शब्दाने आणि अंगाने प्रतिकार, आणि चौथीत आपल्याला नात्यात नक्की काय हवंय. तीन विद्यापीठं, ८९३ मुली, वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के, आणि ज्यांना नुसती पत्रकं दिली त्यांच्यात ९.८. जवळपास निम्मं. म्हणजे स्वसंरक्षण शिकवू नका असं मी म्हणत नाहीये, एक दिवसाचं चार रविवारांवर न्या आणि ठोशांच्या आधी बोलणं ठेवा. आणि शिबिराच्या बॅनरवर 'मुलींनो सावध राहा' लिहू नका प्लीज, जिच्या बाबतीत आधीच काही झालंय ती पण त्याच गल्लीत राहते आणि तो बॅनर रोज वाचते.

मुलांचं विचारलंत ते फार बरं केलंत, ते कुणी विचारत नाही. मुंबईत क्रिकेट कोचना हाताशी धरून 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम झाला होता, कोच प्रॅक्टिसच्या वेळीच मुलांशी नियमित बोलायचे, मुलींना चिडवणं, मर्दानगी म्हणजे काय, मित्र चुकला तर काय करायचं. मुलामुलींच्या बरोबरीबद्दलची मतं नक्की सुधारली, वागण्यातला फरक तितका ठळक नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कल्पना आपल्याकडे जमण्यासारखी आहे. तुमच्याकडे ढोलपथक असेलच. नदीकाठी प्रॅक्टिस चालते तेव्हा पोरं कुणाचं ऐकतात? ताशावाल्या दादाचं. बाहेरून वक्ता आणण्यापेक्षा त्या दादाला तयार करा.

मिरवणुकीचं वेगळं बोलू. गर्दीत काही घडलं की सगळे बघतात आणि कुणीच पुढे होत नाही, याचे प्रयोग डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये केलेत. पलीकडच्या खोलीत एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला, ऐकणारा एकटा असेल तर ८५ टक्के लोक मदतीला उठले, आणखी चारजण ऐकतायत असं वाटलं तर ३१ टक्के. जो तो दुसऱ्यावर सोडतो. तेव्हा 'आमचे कार्यकर्ते लक्ष ठेवतील' असं न म्हणता ठरावीक कोपऱ्यावर ठरावीक दोघांची नावं लावा, त्यातली एक मुलगी असू दे. आणि हाणामारीच करायची असं नाही, मुलीजवळ जाऊन 'अगं तुझी आई तिकडे शोधतेय' म्हणून तिला बाजूला काढलं तरी काम झालं, ते जमत नसेल तर दुसऱ्याला किंवा पोलिसांना बोलवायचं, ११२.

वर १४० मधून जे तीन निघाले म्हटलं, त्यांपैकी एक कार्यक्रम न्यूयॉर्कच्या शाळांतला होता आणि तो मला सगळ्यात आवडतो. त्यांनी मुलामुलींनाच शाळेचा नकाशा दिला आणि कुठे भीती वाटते तिथे खुणा करायला सांगितल्या, मग त्या ठिकाणी मोठ्यांचा वावर वाढवला. नुसत्या वर्गातल्या धड्यांनी जे झालं नाही ते याने झालं. तुम्ही वाड्यांच्या बोळांचा, क्लासच्या जिन्याचा, पीएमटी स्टॉपचा नकाशा मंडपात लावा आणि मुलींना लाल टिकल्या द्या. कराटेच्या सरांच्या मानधनापेक्षा स्वस्तात होईल.

*(हे पत्र हाताने लिहिलेलं, पेठेत राहून स्पर्धा परीक्षा करणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाचं आहे. तो १४ वर्षांचा असताना नात्यातल्या एका मोठ्या मुलाने त्याच्यावर बरेच महिने अत्याचार केले. तो विचारतो की मुलांवर असं होतं का, आता सांगून काय उपयोग, आणि अभ्यासात लक्ष लागत नाही ते यामुळेच का.)*

होतं. केंद्र सरकारच्याच २००७ च्या मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. मुलगे सांगत नाहीत म्हणून ते दिसत नाहीत इतकंच.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ खोडून परत लिहिलीयस, शरीराने साथ दिली म्हणजे मलाही ते हवं होतं का, अशी. नाही. शरीराची ती प्रतिक्रिया आपोआप होते, भीती आणि किळस असतानाही होते, तिचा मर्जीशी संबंध नसतो. मुलांच्या मनात हीच गोष्ट सगळ्यात खोल रुतून बसते आणि याच लाजेमुळे ती गप्प राहतात, म्हणून ती तू लिहिलीस हे फार चांगलं केलंस. आणि १४ व्या वर्षी कायद्याने संमती नावाचा प्रकारच नसतो.

पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही आणि आता तू मोठा झालास म्हणून ती वाट बंद झालेली नाही. (मोठ्या पुरुषावर असं झालं तर नवीन न्याय संहितेत बलात्काराचं म्हणून कलमच नाही, जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ गेलं आणि त्या जागी काही आलं नाही, त्यावर मला वेगळा लेख लिहायचाय.) तक्रार करायची की नाही ते सावकाश ठरव, पण एक गोष्ट बघ, त्या माणसाच्या घरात किंवा आसपास आत्ता लहान मुलं आहेत का. असतील तर मात्र थांबू नकोस, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे १०९८, तिथे कळव.

लक्ष न लागण्याचं कारण तेच असू शकेल, नुसता परीक्षेचा ताणही असू शकेल, मी पत्रावरून सांगू शकत नाही. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं, तिथून सुरुवात कर आणि मग प्रत्यक्ष भेटण्यासाठी त्यांनाच विचार. भेटशील त्यांना पहिल्याच दिवशी पूर्वपरीक्षेची तारीख पण सांग, म्हणजे अवघड भाग नेमका त्या आठवड्यात येणार नाही असं बघतील.